फोल्डेबल फोनची काच: वाकते कशी आणि फुटते कशाने?

घडी होणाऱ्या फोनच्या आतल्या स्क्रीनमध्ये काच असते का? आजच्या बहुतेक फोल्डेबल फोनमध्ये असते, आणि ती खरीखुरी काच असते. तिला यूटीजी म्हणतात, म्हणजे अल्ट्रा थिन ग्लास, अतिपातळ काच. जाडी साधारण ३० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस ७०-८० मायक्रॉन जाड धरला, तर ही काच त्याच्या निम्म्याहूनही पातळ. मात्र तुमचं बोट या काचेला कधीच लागत नाही. तिच्यावर प्लास्टिकचा एक थर चिकटवलेला असतो आणि तुम्ही जे काही टॅप-स्वाइप करता ते त्या प्लास्टिकवर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय तो पुण्यात, मार्केट यार्डात. माझ्या मामांचा तिथे भुसार विभागात गाळा आहे आणि मामेभाऊ गाळ्यावर बसतो. त्याला फोल्ड हवाय. एका बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो आणि भाव, दुसऱ्या बाजूला हिशोबाची शीट. गरज खरी आहे, निव्वळ हौस म्हणून उडवून लावता येत नाही. पण २०२५ च्या जुलैमध्ये गॅलक्सी झेड फोल्ड ७ भारतात आला तो १,७४,९९९ रुपयांना. एवढी रक्कम हप्त्यांनी फेडायची म्हटल्यावर ‘दिवसाला शंभर वेळा उघडझाक केली तर काच टिकेल का?’ हा प्रश्न पडणारच. माझं उत्तर थोडं वेगळ्या दिशेने जातं. उघडझाक करून ही काच सहसा फुटत नाही. तिला धोका असतो बारीक, कठीण कणांचा. असं का, हे समजायला काच वाकते कशी तिथून सुरुवात करावी लागेल.

पातळ केली की वाकते

वहीचं एक पान बोटाभोवती गुंडाळा. सहज गुंडाळलं जातं. आता २०० पानांची अख्खी वही गुंडाळून बघा, पानं एकमेकांना चिकटवून टाकली आहेत असं समजा. जमणार नाही. कुठलीही वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधोमध एक पातळी अशी असते जिला काहीच होत नाही. वस्तू जितकी जाड, तितकी तिची बाहेरची बाजू या मधल्या पातळीपासून लांब, आणि तितका ताण जास्त.

याचं गणित अगदी सोपं आहे. बाहेरची बाजू किती प्रमाणात ताणली जाईल? जाडी भागिले वळणाचा व्यास. फोन मिटल्यावर काच ३ मिलिमीटर व्यासाचं वळण घेते असं धरू. ३० मायक्रॉन भागिले ३,००० मायक्रॉन म्हणजे १ टक्का. साध्या फोनवरची ०.६ मिलिमीटरची काच तशीच वळवायची म्हटली तर उत्तर येतं २० टक्के. रबर तेवढं ताणलं जाईल, काच नाही.

पण १ टक्का म्हणजे किरकोळ, असं समजू नका. काच फार ताठ असते. तिला १ टक्का ताणायला साधारण ७०० मेगापास्कल ताण लागतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ टनांचा भार. खिडकीची साधी काच प्रत्यक्षात याच्या दहाव्या हिश्शालाही फुटते. म्हणजे पातळ केल्याने अर्धंच काम होतं. काच मजबूतही हवी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. वाकणारी काच ही काही फक्त कोरियातल्या आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांची मिरास नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत काचेचे दांडे तयार होतात आणि ते तापवून त्यांतून ऑप्टिकल फायबर ओढलं जातं. तुमच्या घरी वायफायच्या डब्यापर्यंत फायबरची वायर आली असेल, तर तिच्या पोटात १२५ मायक्रॉन व्यासाचा काचेचा धागा आहे, आणि वायरमनने तो दाराच्या चौकटीवरून वळवून आणला तरी तो तुटलेला नाही. फायबर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्याची सगळी लांबी ताणून तपासतात. या तपासणीचा नेहमीचा ताण किती? जवळपास ७०० मेगापास्कल, म्हणजे १ टक्का. फोल्डेबल स्क्रीनच्या आपल्या हिशोबात जो आकडा आला तोच!

फायबरवाल्यांची दुसरी रीत मला जास्त महत्त्वाची वाटते. भट्टीतून धागा खाली येतो न येतो तोच, कशालाही स्पर्श व्हायच्या आत, त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण चढवतात. कारण नुकती तयार झालेली काच जबरदस्त मजबूत असते आणि तिची ही मजबुती पहिल्या स्पर्शाबरोबर घटायला लागते.

ओरखड्याचं गणित

शाम्पूची पुडी हाताने फाडायचा प्रयत्न करा. कडेला छोटी खाच नसेल तर दात लावावे लागतात, खाच असेल तर पुडी झटक्यात फाटते. कापडवाला कात्रीने कडेला एक कट मारतो आणि मग अख्खं कापड सरळ फाडतो. फ्रेमवाला काचेवर हिऱ्याच्या कलमाने एक रेघ ओढतो, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबतो, आणि काच बरोबर त्या रेघेवर तुटते. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते: सगळा ताण खाचेच्या टोकाशी गोळा होतो.

काचेच्या बाबतीत हे नीट मांडलं ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने. फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करताना त्याने काचेचे धागे तोडून पाहिले. धागा जितका बारीक तितका तो, आकाराच्या मानाने, जास्त मजबूत निघाला. १९२१ मध्ये छापून आलेल्या त्याच्या निबंधाचं म्हणणं असं, की काच मुळात कच्ची नसते, तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे तडे असतात आणि तेच तिला तोडतात. तडा चौपट खोल झाला तर काचेची ताकद निम्मी होते.

ग्रिफिथचं सूत्र वापरून मी आपल्या ३० मायक्रॉनच्या काचेचा हिशोब केला. ७०० मेगापास्कल ताण सहन करायचा असेल आणि काचेवर दुसरी काही प्रक्रिया केलेली नसेल, तर किती खोल ओरखडा चालेल? उत्तर येतं मायक्रॉनच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. मिरचीपुडीचा एक कण त्याच्या शेकडो पट मोठा असतो.

त्यामुळे यूटीजी बनवताना सगळ्यात जास्त डोकं लागतं ते पृष्ठभाग आणि कडा सांभाळायला. वितळलेली काच खाली ओढत ओढत तिचा पातळ पत्रा करतात, म्हणजे पृष्ठभागाला रोलर किंवा साचा लागत नाही. किंवा थोडी जाड काच घेऊन आम्लाने झिजवून पातळ करतात. मग तुकडे कापतात, आणि कापलं की कडेला तडे आलेच, म्हणून कडा पुन्हा आम्लात बुडवून गुळगुळीत करतात. २०२० च्या फेब्रुवारीत गॅलक्सी झेड फ्लिप आला, तो अशी काच असलेला बाजारातला पहिला घडीचा फोन. त्यातली काच जर्मनीच्या शॉट कंपनीची होती.

अजून एक शत्रू आहे ज्याची चर्चा कमी होते: पाणी. काच ताणलेल्या अवस्थेत असेल आणि तड्याच्या टोकाशी हवेतला ओलावा पोचला, तर पाण्याचे रेणू तिथले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध हळूहळू तोडतात आणि तडा कणाकणाने पुढे सरकतो. रात्रभर मिटून ठेवलेला फोन म्हणजे रात्रभर ताणलेली काच. म्हणून डिझाइन करताना काच आज किती ताण झेलते एवढंच पाहून भागत नाही. तोच ताण वर्षानुवर्षं राहिला तर काय, तेही बघावं लागतं.

सुदैवाने एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. स्क्रीन आतल्या बाजूला मिटतो अशा फोनमध्ये काचेची तुमच्याकडची बाजू दाबली जाते आणि मागची बाजू ताणली जाते. दाबाखाली तडा मिटू पाहतो, ताणाखाली उघडतो. आणि ताणाची ती मागची बाजू चिकटद्रव्याखाली सीलबंद असते, तिथे धूळ-नख काही पोचत नाही. २०१९ च्या ह्वावे मेट एक्समध्ये स्क्रीन बाहेरच्या बाजूला मिटत होता, म्हणजे ताण आणि ओरखडे एकाच बाजूला. माझ्या मते बहुतेक कंपन्या आतल्या घडीकडे वळल्या त्यामागे हे मोठं कारण आहे.

पोत्यांची थप्पी

काच मजबूत करायची युक्ती मला यार्डातल्या थप्पीवरून समजावून सांगायला आवडते. गोदामात भिंतीपासून भिंतीपर्यंत पोती घट्ट रचली आहेत. आता बाहेरच्या रांगेतली काही पोती ओढून काढा आणि त्याच जागेत त्यांच्यापेक्षा मोठी पोती ठोसून बसवा. ती रांग इतकी आवळली जाईल की तिच्यात सुरीचं पातंही शिरणार नाही.

काचेत सोडियमचे आयन असतात. काच सुमारे ४०० अंश सेल्सियसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवली, की पृष्ठभागाजवळचे सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन बसतात. यांची त्रिज्या सोडियमच्या आयनापेक्षा साधारण एक-तृतीयांशाने मोठी. पृष्ठभाग आवळला जातो. आता काच वाकवली तर आधी हा साठवलेला दाब संपवावा लागतो, त्यानंतर खरा ताण सुरू होतो. तुमच्या साध्या फोनची गोरिल्ला ग्लास याच तत्त्वावर चालते.

फरक पडतो तो खोलीत. साध्या फोनच्या काचेत हा आवळलेला थर काही दहा मायक्रॉन खोल असतो. इथे मुळात काचच ३० मायक्रॉनची! बाहेरचे दोन थर आवळले की मधला भाग तेवढाच ताणला जातो, कारण हिशोब कुठेतरी जुळायला हवा. त्यामुळे दोन्ही बाजूंना काही मोजके मायक्रॉन, एवढंच कवच मिळतं. त्यापेक्षा खोल ओरखडा गेला की कवच भेदलं. थोडक्यात, रासायनिक प्रक्रियेने यूटीजी वाकण्यापुरती मजबूत होते, पण टोकदार खड्यापुढे तिचा फार टिकाव लागत नाही.

बिजागरी बदलली, काच जाड झाली

‘काच पातळ तितकी बरी’ हे फक्त वाकण्याच्या बाबतीत खरं. (कंदिलाच्या बाबतीतही खरं आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आजोबांच्या पिढीला पाठ होता. कंदिलाची काच पातळ ठेवतात, कारण जाड काच आतून तापते, बाहेरून गार राहते आणि तडकते.) बोटाने दाबायची वेळ आली की पातळपणा नडतो. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो: जाडी दुप्पट, ताठपणा आठपट. ३० मायक्रॉनच्या काचेखाली मऊ चिकटद्रव्य आणि मऊ स्क्रीन आहे. वरून नखाने किंवा पेनाच्या टोकाने जोरात दाबलं, तर काच त्या एका ठिपक्यात खोलगट होते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून सॅमसंगने २०२१ च्या फोल्ड ३ साठी वेगळा एस पेन काढला, जास्त जोर पडला की टोक आत जाणारा.

मग जाडी वाढवायची कशी? वरचं सूत्र परत बघा. भागाकारात खाली वळणाचा व्यास आहे. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच ताणात काच दुप्पट जाड ठेवता येते, म्हणजे आठपट ताठ. हे काम केलं बिजागरीने. सुरुवातीच्या फोनमध्ये स्क्रीन इंग्रजी यू अक्षरासारखा वळायचा, आणि मिटल्यावर दोन भागांत फट राहायची. २०२१ च्या शेवटी आलेल्या ओप्पो फाइंड एन मध्ये आणि २०२३ च्या फोल्ड ५ मध्ये घडी पाण्याच्या थेंबासारखी झाली: बिजागरीच्या पोकळीत वळण मोठं, आणि दोन्ही बाजूंचे भाग मात्र एकमेकांना टेकलेले. फोन बारीक झाला, फट गेली, वळणही सैल झालं. घडीच्या खुणेवर, म्हणजे मधल्या त्या पन्हळीवर, खूप विनोद होतात, पण तिचा दोष काचेकडे जात नाही. काच सोडली की पूर्ववत सरळ होते. सुरकुती धरून बसतात ती प्लास्टिक आणि चिकटद्रव्याची मऊ थरं.

दुसरा मार्ग म्हणजे काच सगळीकडे सारखी न ठेवणं. घडीच्या पट्ट्यात पातळ, दोन्ही बाजूंना जाड. मधल्या खोलगट भागात प्रकाश काचेइतकाच वळवणारं राळेसारखं द्रव्य भरतात, नाहीतर तो पट्टा डोळ्यांना दिसेल.

२०२५ मध्ये सॅमसंग डिस्प्लेने जाहीर केलं, की फोल्ड ७ मधली काच आधीपेक्षा ५० टक्के जाड आहे आणि पॅनेल ५ लाख घड्यांच्या चाचणीत पास झालं आहे. त्याआधी जाहिरातींत आकडा असायचा २ लाख. दिवसाला १०० वेळा उघडला तर २ लाख म्हणजे साडेपाच वर्षं, ५ लाख म्हणजे साडेतेरा. इतकी वर्षं तुम्ही तो फोन वापरणारच नाही आहात. शिवाय ही चाचणी २५ अंश तापमानाच्या प्रयोगशाळेत, यंत्राच्या स्वच्छ हातांनी झालेली. एप्रिलमधल्या पुण्यात, कांद्याच्या पोत्यावर ठेवलेल्या फोनबद्दल ती काही सांगत नाही. तेव्हा घड्यांच्या आकड्यावरून फोन निवडू नका.

यार्डातली धूळ

मार्केट यार्डात धूळ एका जातीची नसते. कांदा-बटाटा विभागात माती, भुसारात कोंडा आणि तूस, मसाल्याच्या गाळ्यांवर मिरची-हळद, आंब्याच्या हंगामात पेट्यांतला पेंढा, आणि सगळीकडे बारदानाचे तंतू. आमच्या गाळ्यातल्या काउंटरवर सेलोटेपचा तुकडा दाबून मी तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निम्मं पीठ आणि तंतू होते, पण मध्येमध्ये चमकणारे टोकदार कण होते. त्यांचीच भीती.

कठीणपणा मोजायची एक जुनी पट्टी आहे, मोहस् नावाची, १ ते १० ची. नख साधारण अडीचवर, काच साडेपाचच्या आसपास. यूटीजीच्या वरचं प्लास्टिक २-३ वरच ओरखडतं, म्हणजे नखानेसुद्धा त्यावर वळ उठू शकतो. आपला दख्खनचा काळा दगड, बेसाल्ट, ज्या खनिजांचा बनलेला आहे त्यांतलं फेल्स्पार ६ वर आहे. त्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७ च्या जवळ. काळ्या मातीतली चिकणमाती मऊ असते, पण तिच्यात मिसळलेली खडी-वाळू काचेपेक्षा कठीण. आणि भाताचं तूस? त्याच्या वजनात पाचव्या हिश्शाच्या आसपास सिलिका असते, म्हणजे काच ज्यापासून बनते तेच द्रव्य.

आता समजा असा एक कण स्क्रीनवर पडला आणि तुम्ही फोन मिटला. साध्या फोनवर तो कण पुसला गेला असता. इथे तो दोन अर्ध्यांच्या मध्ये चिमटला जातो, आणि वर खिशाचा दाब. किंवा तो बिजागरीच्या कडेने स्क्रीनच्या मागे जातो आणि खालून काचेला टोचतो, म्हणजे नेमक्या त्या बाजूने जिथे मिटताना ताण येतो.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या गॅलक्सी फोल्डचे नमुने पत्रकारांना दिले गेले. काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली आणि स्क्रीन गेला. एक-दोन फोनमध्ये बिजागरीच्या बाजूने कचरा आत शिरून स्क्रीनला फुगवटा आला. त्या फोनमध्ये काच नव्हतीच, पॉलिइमाइड नावाचं प्लास्टिक होतं. कंपनीने विक्री पुढे ढकलली, बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या, फिल्मच्या कडा चौकटीखाली नेल्या आणि सप्टेंबरमध्ये फोन पुन्हा आणला. पुढच्या मॉडेलांत बिजागरीच्या आत ब्रशसारखे बारीक तंतूही आले.

फोनवरचं आयपी रेटिंग इथे कामाला येतं. आयपी नंतरचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. २०२१ च्या फोल्ड ३ ला आयपीएक्स८ होतं, एक्स म्हणजे धुळीबद्दल काही दावाच नाही. २०२४ च्या फोल्ड ६ पासून आयपी४८ आलं. ऐकायला छान वाटतं, पण ४ चा अर्थ एवढाच की १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू आत जाणार नाही. किराणा मालाच्या भाषेत सांगायचं तर मोहरीचा दाणा अडेल, खसखस उंबरठ्यावर, आणि रवा, हळद, मिरचीपूड, मातीची भुकटी यांच्याबद्दल कुठलीही हमी नाही. ६ हा अंक असेल तर फोन धूळबंद. ती चाचणी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेल्या टाल्कच्या भुकटीत करतात. घडीच्या फोनमध्ये आयपी६८ पहिल्यांदा मिळवलं ते २०२५ च्या गूगल पिक्सेल १० प्रो फोल्डने. बिजागरीत अनेक हलते भाग असताना हे जमवणं सोपं नाही, त्याबद्दल दाद द्यायला हवी. पण धूळबंद म्हणजे आत काही जाणार नाही, एवढंच. मिटलेल्या दोन अर्ध्यांमध्ये चिमटलेल्या खड्याचा त्यात विचार नाही.

मामेभावाला मी सरळ सांगितलं: गाळ्यावर बसून, मिरचीची पोती उघडताना, हमालांची नोंद घेताना आतला स्क्रीन उघडायचा असेल, तर आयपी४८ चा फोन घेऊ नकोस. आतला स्क्रीन बदलायचा म्हटला तर एक चांगला साधा फोन येईल इतके पैसे जातात, आणि ‘बाहेरून आघात’ असा शेरा पडला की वॉरंटी हात वर करते. ऑफिसच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला मी हाच फोन बिनधास्त सुचवेन.

बॅटरी कुठे जाते

मोठा स्क्रीन म्हणजे जास्त दिवे. फोल्ड ७ चा बाहेरचा स्क्रीन साडेसहा इंचांचा, आतला आठ इंचांचा. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण आतला चौकोनी असल्यामुळे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट आहे. त्याच उजेडावर वापरला तर स्क्रीनची वीजही जवळजवळ दुप्पट. बॅटरी मात्र ४४०० एमएएच, कारण जागाच नाही.

इथे काचेचा दोष नाही. काच जवळपास ९२ टक्के प्रकाश पार जाऊ देते. प्रकाश खातो तो पोलरायझर नावाचा थर. उन्हात स्क्रीन आरशासारखा चमकू नये म्हणून तो लावतात, पण तो स्क्रीनच्या स्वतःच्या प्रकाशातलाही निम्म्याहून जास्त गिळतो. फोल्ड ३ पासून सॅमसंग डिस्प्लेने घडीच्या पॅनेलमधून तो काढून टाकला आणि त्याचं काम थेट पॅनेलवर छापलेल्या रंगांच्या गाळण्यांना दिलं. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यामुळे प्रकाश ३३ टक्के जास्त बाहेर येतो आणि वीज २५ टक्क्यांपर्यंत वाचते. वर एक थर कमी झाल्याने पॅनेल आणखी सहज वाकतं. वीज वाचवणं आणि वाकणं इथे हातात हात घालून आलं, असं क्वचित होतं.

तुमच्या हातात असलेली बचत म्हणजे डार्क मोड (ओएलईडीत काळा पिक्सेल म्हणजे बंद दिवा) आणि रिफ्रेश रेट ‘अ‍ॅडाप्टिव्ह’वर ठेवणं, म्हणजे स्थिर शीट बघताना स्क्रीन सेकंदाला १२० वेळा उगाच ताजा होत नाही. यूपीआय, कॉल, ओटीपी यांसाठी बाहेरचाच स्क्रीन वापरला तर वीजही वाचते आणि काचही.

उर्जेचा आणखी एक हिशोब. आठ इंचांच्या स्क्रीनला पुरेल अशी ३० मायक्रॉनची काच भरते जेमतेम दीड ग्रॅम, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याच्या आसपास. पण ती फुटली की बदलावं लागतं अख्खं पॅनेल, कारण काच, चिकटद्रव्य आणि ओएलईडी एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. फोनच्या आयुष्यातली बरीचशी ऊर्जा तो बनवतानाच खर्च होते. टिकाऊ काच ही विजेचीही बचत आहे ती या अर्थाने.

घ्यायचाच असेल तर

आधी आयपीचा पहिला अंक बघा, मग बाकीचं. स्क्रीन बदलायचा दर दुकानात नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, आणि विमा घेणार असाल तर त्यात आतला स्क्रीन आहे का आणि किती वेळा, ते लेखी बघा. सेकंडहँड फोल्ड घेत असाल तर तो पूर्ण उघडा, स्क्रीन बंद ठेवा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब घडीवरून हळूहळू सरकवून बघा. पन्हळ एकसारखी असेल तर ठीक. मध्येच एखादा ठिपका उठलेला दिसला तर खाली कण आहे, सोडून द्या.

फोन मिटायच्या आधी स्क्रीनवर हळूच फुंकर मारायची सवय लावा, शर्टाच्या बाहीने घासू नका. बाहीत धूळ असते. कॉम्प्रेसरच्या हवेने बिजागरी साफ करू नका, त्याने कण आणखी आत जातात. वरची फिल्म घडीजवळ उचकटायला लागली, बुडबुडा दिसायला लागला, तर ती स्वतः ओढून काढू नका आणि रस्त्यावरच्या स्टॉलवरची साधी टेम्पर्ड ग्लास तर अजिबात लावू नका, ती पहिल्याच घडीला तुटेल आणि तिचे तुकडे खालच्या काचेत रुततील. फिल्म सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळते, आणि तिचा खर्च पॅनेलच्या मानाने अगदी किरकोळ असतो.